भाजीपाल्यातील कीटकनाशकांचे अवशिष्ट अंश : तोडणीपूर्वीची मोजणी

भाताची कापणी व मळणी आटोपली म्हणजे ठाणे जिल्ह्यातील मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण व अंबरनाथ या तालुक्यांत विहिरी, ओढे व नद्या यांच्या पाण्यावर भाजीपाल्याची लागवड सुरू होते. उल्हास, काळू व भातसा या नद्यांच्या काठची भेंडी, काकडी, कारली, दुधी, शिराळी, वांगी, मिरची, तसेच माठ, मुळा, मेथी व पालक यांसारख्या पालेभाज्या कल्याणच्या बाजार आवारात आणि तेथून डोंबिवली व ठाणे येथील घरोघरी पोहोचतात. शहापूर व मुरबाडकडील भेंडी परदेशीही रवाना होत आलेली आहे. शहर इतके जवळ असणे ही येथील शेतकऱ्यास मोठीच अनुकूलता होय. पहाटे तोडलेली भाजी त्याच दिवशी संध्याकाळी ताटात पडते.

परंतु याच अनुकूलतेमुळे शेतकऱ्यावर एक विशेष जबाबदारीही येऊन पडते. शेतातील शेवटचा फवारा आणि ग्राहकाचे ताट यांच्यामध्ये शेतकऱ्याने स्वतः राखलेल्या दिवसांखेरीज दुसरे कोणतेही अंतर येथे नसते. ते दिवस चुकले, तर ती चूक पुढे दुरुस्त करण्यास कोठेही वाव राहत नाही. यास्तव तोडणीपूर्वी भाजीत औषधाचा किती अंश उरला आहे, तो कसा मोजतात व कसा आटोक्यात ठेवता येतो, याची माहिती प्रत्येक भाजीपाला उत्पादकास व ग्रामपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्यास असणे अगत्याचे आहे.

अवशिष्ट अंश म्हणजे काय?

कीटकनाशकाचा फवारा पिकावर पडला म्हणजे त्याचा काही भाग पानांवर व फळांवर थर करून राहतो. स्पर्शजन्य औषधे बहुधा पृष्ठभागावरच राहतात. आंतरप्रवाही औषधे मात्र झाडाच्या रसात मिसळून फळाच्या गरातही उतरतात. ऊन, उष्णता, पाऊस, तसेच वनस्पतीच्या अंगच्या क्रिया यांच्या योगे हे औषध हळूहळू विघटित होते. शिवाय फळ वाढत असल्यामुळे तेवढेच औषध अधिक वजनात विभागले जाते. इतके होऊनही तोडणीच्या वेळी जे औषध, अथवा त्यापासून बनलेले जे पदार्थ भाजीत शिल्लक असतात, त्यांस अवशिष्ट अंश असे म्हणतात.

भाजी धुतली की औषध निघून जाते, असा एक समज सर्वत्र आढळतो. तो अंशतःच खरा आहे. पृष्ठभागावरील थर धुण्याने कमी होतो. गरात उतरलेले आंतरप्रवाही औषध कितीही धुतले तरी निघत नाही. पालेभाज्यांच्या बाबतीत तर अधिकच सावधगिरी हवी. पानांचा पृष्ठभाग त्यांच्या वजनाच्या मानाने फार मोठा असल्याने एकाच फवाऱ्यातून दुधीवर बसणाऱ्या अंशापेक्षा माठावर किंवा मेथीवर दर किलोमागे पुष्कळ अधिक अंश बसतो.

मर्यादा कशी ठरते?

अवशिष्ट अंश दर किलो भाजीमागे किती मिलिग्रॅम, या मापाने सांगतात. एका किलोत दहा लक्ष मिलिग्रॅम असतात. म्हणून हे माप म्हणजेच दहा लक्ष भागांत एक भाग. प्रत्येक औषध व प्रत्येक पीक यांच्या जोडीसाठी कमाल अवशिष्ट मर्यादा ठरविण्यात येते. भारतात अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये या मर्यादा निश्चित केल्या जातात. ज्या जोडीसाठी स्वतंत्र मर्यादा ठरलेली नसते, तिला बहुतांशी किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा लागू होते. युरोपीय संघाची सर्वसाधारण मर्यादाही हीच आहे. ही मर्यादा किती सूक्ष्म आहे याची कल्पना यावी म्हणून असे समजावे की, शंभर टन भाजीत एकच ग्रॅम औषध सारखे मिसळले, तर हे प्रमाण होते. एखाद्या पिकासाठी शिफारस नसलेले औषध त्यावर मारले असता तो माल मर्यादेबाहेर जाण्याचा संभव का वाढतो, हे यावरून ध्यानी येईल.

कमाल मर्यादा म्हणजे विष व अन्न यांच्यामधील रेषा नव्हे. शिफारशीप्रमाणे औषध वापरले व ठरलेले दिवस थांबले, तर जेवढा अंश उरावा त्यावरून ती प्रथम ठरते; आणि तेवढा अंश आहारातून रोज पोटात गेला तरी अपाय होणार नाही, हे स्वतंत्रपणे पडताळण्यात येते. म्हणून मर्यादा ओलांडली गेली याचा पहिला अर्थ असा की, शेतात औषधाच्या वापरात कोठेतरी चूक झाली आहे.

कायद्याच्या पाठीशी असलेला अनुभव

औषध व अन्न एकत्र आले म्हणजे काय ओढवते, याचा दारुण अनुभव देशास १९५८ साली आला. पॅराथिऑन हे जहाल कीटकनाशक व धान्यमाल यांची एकत्र वाहतूक झाल्याने दूषित झालेले अन्न खाऊन केरळात व मद्रास राज्यात शंभराहून अधिक माणसे दगावली. न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली, आणि पुढे १९६८ साली कीटकनाशक कायदा संमत झाला. त्या कायद्याखाली औषधाची नोंदणी पीकवार होते. डब्यावरील लेबलावर पीक, मात्रा व तोडणीपूर्वी थांबावयाचे दिवस छापलेले असतात, ते याच व्यवस्थेमुळे होय.

या कायद्यान्वये वेळोवेळी औषधांवर बंदीही आलेली आहे. मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावरील वापर २००५ साली बंद करण्यात आला. एन्डोसल्फानवर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंदी आली. डायक्लोरव्हॉस, फोरेट व ट्रायझोफॉस यांचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाला आहे. घरात जुना साठा शिल्लक आहे म्हणून असे औषध भाजीवर मारणे हे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय प्रयोगशाळेत ते तत्काळ उघडकीस येते.

प्रतीक्षाकाल : दिवसांचा हिशेब

फवारणी व तोडणी यांमध्ये जे दिवस सोडावयाचे त्यांस प्रतीक्षाकाल म्हणतात. त्याचे गणित समजण्यास अवघड नाही. औषधाचा अंश सामान्यतः ठराविक काळात निम्मा होत जातो. समजा, एका औषधाचा अंश दर दोन दिवसांनी निम्मा होतो, फवारणीनंतर लगेच तो किलोमागे २ मिलिग्रॅम आहे, आणि मर्यादा ०.२ मिलिग्रॅम आहे. दुसऱ्या दिवसाअखेर तो १, चौथ्या दिवसाअखेर ०.५, सहाव्या दिवसाअखेर ०.२५ व आठव्या दिवसाअखेर ०.१२५ मिलिग्रॅम होईल. म्हणजे मर्यादेखाली येण्यास सुमारे सात दिवस लागतील. चौथ्या दिवशी तोडलेली भाजी दिसावयास तितकीच ताजी व हिरवी असेल. पण तिच्यातील अंश मर्यादेच्या अडीच पट असेल. डोळ्यांना यातील काहीही दिसत नाही, म्हणूनच दिवस मोजावे लागतात.

याच उदाहरणात औषधाची मात्रा दुप्पट केली, तर प्रतीक्षाकाल आणखी दोन दिवसांनी वाढेल. बाटलीच्या झाकणाने अंदाजे औषध ओतण्याची पद्धत किती महागात पडते, हे यावरून दिसेल. मोजपात्र वापरणे हीसुद्धा अवशिष्ट अंशाची मोजणीच होय. तसेच पहिल्या फवाऱ्याचा अंश नाहीसा होण्यापूर्वी त्याच औषधाचा दुसरा फवारा दिला, तर दोहोंची बेरीज होते.

प्रतीक्षाकाल औषधाप्रमाणे बदलतो, तसा पिकाप्रमाणेही बदलतो. क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल १८.५ टक्के या प्रवाही औषधाचा प्रतीक्षाकाल टोमॅटोवर ३ दिवस, भेंडीवर ५ दिवस, कारल्यावर ७ दिवस, परंतु वांग्यावर २२ दिवस दिलेला आहे. शेजारच्या भेंडीवर चालले म्हणून वांग्यासही चालेल, असा हिशेब करणाऱ्याची फसगत होईल, ती अशी. म्हणून प्रत्येक वेळी हाती असलेल्या डब्याचेच लेबल वाचावे. ज्यास वाचता येत नसेल त्यास कार्यकर्त्याने वाचून दाखवावे व तोडणीचा दिवस दिनदर्शिकेवर खूण करून द्यावा. थंडीच्या दिवसांत, ढगाळ हवेत व शेडनेटच्या आत औषधाचे विघटन मंद होते. अशा वेळी लेबलावरील दिवसांत एका दिवसाचीही काटछाट करू नये.

एक दिवसाआड तोडणीची अडचण

येथे भेंडी उत्पादकाची एक खरी अडचण आहे. भेंडीची तोडणी दिवसाआड करावी लागते. तीन-चार दिवस राहिलेली शेंग जून होऊन तिला भाव मिळत नाही. काकडी व शिराळी यांचीही गोष्ट बहुतांशी अशीच. औषधाचा प्रतीक्षाकाल मात्र पाच दिवसांचा असू शकतो. या ओढाताणीत पुष्कळदा दिवसांचा बळी जातो. काही ठिकाणी घरच्यासाठी बिनफवारणीचा निराळा वाफा राखून बाजारासाठी फवारलेला माल तोडला जातो. परंतु फवारलेल्या पिकात पहाटे उघड्या हाताने तोडणी करणाऱ्या बहुधा घरच्याच स्त्रिया असतात, हे विसरून चालणार नाही. दिवस न पाळल्याचा पहिला उपसर्ग शहरातील ग्राहकास नव्हे, तर त्यांनाच पोहोचतो.

या अडचणीवर पुढील उपाय करता येतात.

पहिला उपाय असा की, दीर्घ प्रतीक्षाकालाची औषधे वापरणे आवश्यकच झाले, तर ती फुले येण्यापूर्वीच्या अवस्थेत वापरावी. तोडे सुरू झाल्यावर पाच टक्के निंबोळी अर्क, फळ पोखरणाऱ्या अळीसाठी कामगंध सापळे, पांढरी माशी व तुडतुडे यांसाठी पिवळे चिकट सापळे, आणि किडकी शेंडे-फळे वेचून नष्ट करणे यांवर भर द्यावा. निंबोळी अर्कासाठी पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, वस्त्रगाळ करून, एकूण शंभर लिटर द्रावण करावे.

दुसरा उपाय असा की, तोडे चालू असता रासायनिक औषध मारावेच लागले, तर अल्प प्रतीक्षाकालाचे व त्या पिकासाठी नोंदलेले औषध निवडावे. फवारणीच्या दिवशी सकाळी तोडण्याजोग्या सर्व शेंगा, लहानसुद्धा, तोडून घ्याव्या आणि मग संध्याकाळी फवारावे. असे केल्याने पुढील दोन दिवसांत जून होणाऱ्या शेंगांची संख्या आपोआप घटते. प्रतीक्षाकालात ज्या शेंगा जून होतील त्या तोडून खड्ड्यात पुराव्या. त्या बाजारात नेऊ नयेत आणि गुरांसही घालू नयेत.

तिसरा उपाय असा की, शेताचे दोन भाग करून फवारणी आळीपाळीने करावी. एका भागाचा प्रतीक्षाकाल चालू असता दुसऱ्या भागातील माल बाजारात जातो व उत्पन्न पूर्णपणे खंडित होत नाही. मात्र दोन भागांमध्ये काही ओळी रिकाम्या अथवा मक्याच्या ठेवाव्या, व वारा शांत असतानाच फवारावे; अन्यथा तुषार उडून दुसऱ्या भागावरही अंश बसतो.

नमुना कसा घ्यावा?

दिवस पाळले गेले की नाही, याची खात्री करण्याचे साधन म्हणजे प्रयोगशाळेतील परीक्षण. त्याची अचूकता प्रथम नमुन्यावर अवलंबून असते. चुकीच्या रीतीने घेतलेला नमुना कितीही चांगल्या यंत्रात घातला तरी उत्तर चुकीचेच येणार.

नमुना प्रत्यक्ष तोडणीच्या सुमारास, परंतु अहवाल येण्यास सवड राहील अशा बेताने घ्यावा. बांधालगतच्या ओळी, औषध कालविण्याची जागा व पाण्याचा पाट टाळून शेतात नागमोडी चालत जावे आणि निरनिराळ्या ठिकाणच्या झाडांवरून वरची, मधली व खालची अशी बाजारयोग्य फळे घ्यावी. केवळ सुबक फळे निवडू नयेत. आंतरराष्ट्रीय अन्न संहितेच्या रीतीनुसार भेंडी, मिरची, वांगी अशा लहान व मध्यम फळांचा नमुना किमान एक किलोचा असावा. मध्यम फळे संख्येने दहांपेक्षा कमी नसावी. दुधीसारख्या मोठ्या फळांचा नमुना किमान दोन किलोंचा व निदान पाच फळांचा असावा.

त्या दिवशी ज्याने औषध हाताळले असेल त्याने नमुना घेऊ नये. स्वच्छ हातमोजे घालून फळे नव्या कोऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरावी. नमुना धुऊ नये, पुसू नये, उन्हात ठेवू नये. पिशवीवर शेताचा गट क्रमांक, पीक व वाण, नमुन्याची तारीख, तसेच मारलेली औषधे, त्यांच्या मात्रा व तारखा लिहिलेली चिठ्ठी बांधावी. बर्फाच्या पेटीत ठेवून तो शक्यतो चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. ठाणे येथील कृषी विभागाच्या कीटकनाशक चाचणी प्रयोगशाळेचे काम बाजारातील औषधाची प्रत तपासणे हे होय. डब्यातील औषध छापील प्रमाणाचे आहे की नाही, हे तेथे पाहतात. भाजीत उरलेला अंश मोजणे हे निराळे काम असून त्यासाठी अवशिष्ट अंशाच्या प्रयोगशाळेकडेच नमुना पाठवावा लागतो. कोठे व कसा पाठवावयाचा, हे तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

प्रयोगशाळेत काय होते?

आलेला संपूर्ण नमुना बारीक चिरून त्याचा एकजीव लगदा करतात. त्यातून केवळ दहा-पंधरा ग्रॅम लगदा घेऊन तो ॲसिटोनायट्राइल या द्रावकात मीठ व मॅग्नेशियम सल्फेट यांसह घुसळतात. औषधाचे अंश द्रावकात उतरतात, पाणी बाजूला होते. मग हरितद्रव्य, आम्ले इत्यादी नको असलेले पदार्थ काढून टाकून स्वच्छ द्रव क्रोमॅटोग्राफ या यंत्रात सोडतात. तेथे निरनिराळी औषधे एकमेकांपासून विलग होतात व पुढे त्यांच्या रेणूंच्या वस्तुमानावरून प्रत्येकाची ओळख व मोजणी होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या सुटसुटीत रीतीमुळे एकाच नमुन्यातून शेकडो औषधांचा शोध घेणे शक्य झाले आहे.

भाजीचा रस कागदी पट्टीवर टाकून रंगावरून निर्णय देणाऱ्या झटपट चाचण्याही प्रचलित आहेत. त्यांपैकी पुष्कळ चाचण्या एका विकराच्या रोधावर आधारलेल्या असून त्या केवळ सेंद्रिय फॉस्फरसयुक्त व कार्बामेट या दोन गटांतील औषधे दाखवितात. इमिडाक्लोप्रिड किंवा क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल यांसारखी औषधे त्यांत सापडत नाहीत. म्हणून पट्टीवर काही न दिसणे म्हणजे भाजी निर्दोष असणे नव्हे.

अहवाल कसा वाचावा?

अहवालात औषधाचे नाव, आढळलेले प्रमाण व कमाल मर्यादा हे तीन रकाने महत्त्वाचे. आढळलेले प्रमाण मर्यादेपेक्षा कमी असल्यास माल योग्य समजावा. 'मोजणीच्या मर्यादेखाली' असा शेरा असल्यास त्याचा अर्थ शून्य असा नसून, यंत्रास खात्रीने मोजता येईल त्याहून तो अंश कमी आहे, असा होतो. न मारलेल्या औषधाचे नाव अहवालात आले, तर शेजारच्या शेतातील तुषार, न धुतलेला पंप किंवा भेसळयुक्त औषध यांपैकी कारण कोणते, याचा शोध घ्यावा. सांडपाण्यावर वाढविलेल्या भाजीतील जड धातूंची तपासणी या परीक्षणात होत नाही. ती निराळी करावी लागते, हेही ध्यानात असावे.

तोडणीपूर्वी मोजणी करून मगच माल पाठविण्याची व्यवस्था महाराष्ट्रात द्राक्षाच्या बाबतीत उभी राहिली. २००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिलचे अंश आढळले व निर्यातीस मोठा धक्का बसला. त्यानंतर बागांची नोंदणी, प्रत्येक बागेतील नमुन्याचे परीक्षण व अहवालानंतरच निर्यात अशी शिस्त घालण्यात आली. पुणे येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील प्रयोगशाळा या कामी मार्गदर्शक ठरली. भेंडीलाही ही शिस्त हवी आहे. २०१९ साली युरोपीय संघाने काढलेल्या नियमावलीत, अवशिष्ट अंशांसाठी सीमेवर वाढीव तपासणी करावयाच्या मालांत भारतातील भेंडीचा समावेश होता.

परंतु द्राक्ष एकदा तोडतात, भेंडी हंगामात अनेक वेळा. प्रत्येक तोड्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून अहवालाची वाट पाहणे भेंडीच्या बाबतीत अशक्य आहे. म्हणून भाजीपाल्यात प्रयोगशाळा ही शेतकऱ्याच्या शिस्तीची अधूनमधून परीक्षा घेणारी संस्था समजावी. रोजची मोजणी शेतातच व्हावयास हवी.

कार्यकर्त्यांचे काम

यासाठी प्रत्येक शेतकऱ्याजवळ फवारणीची वही असावी. तीत तारीख, वाफा, कीड, औषध, मात्रा, प्रतीक्षाकाल व 'या तारखेपूर्वी तोडू नये' असा शेवटचा रकाना असावा. फवारलेल्या भागात काठीला लाल चिंधी बांधून ठेवावी व मुदत संपल्यावरच ती काढावी, म्हणजे तोडणीस येणाऱ्या स्त्रियांनाही ते समजेल. कार्यकर्त्यांनी गावास भेट देताना वही पाहावी, रकाने रिकामे असल्यास बसून भरून घ्यावे आणि हंगामात निदान काही शेतांचे नमुने प्रयोगशाळेकडे रवाना करावे. अहवाल प्रतिकूल आला तर शेतकऱ्यास दोष देऊन न थांबता वहीतील तारखांशी तो ताडून पाहावा; चूक मात्रेत झाली, दिवसांत झाली की औषधाच्या निवडीत, हे त्यावरून कळेल व पुढील तोड्यापूर्वी ती सुधारता येईल.

कल्याण, डोंबिवली व ठाणे येथील ग्राहक भाजी डोळ्यांनी पारखून घेतो. तिच्यातील अंश पारखणे त्याच्या हाती नाही. ते काम तो न सांगता शेतकऱ्यावर सोपवितो. वहीतील एक रकाना भरणे व काठीवरील चिंधी मुदतीपूर्वी न काढणे एवढ्यानेच त्या विश्वासाचे सार्थक होणार आहे.